अंड्याची वाट

खुराड्याची फळी सरकली की आतल्या कोंबड्या एकमेकींना रेटत बाहेर येतात. आधी कोंबडा, छाती काढून. मग तलंगा, मग पिल्लांची आई आणि तिच्या पायात घोटाळणारी पिल्लं. खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या उंबरमाळीच्या आसपासच्या पाड्यांवर दिवस असा उघडतो. पहाटेची लोकल भोंगा वाजवत निघून गेलेली असते, चुलीवर पाणी चढलेलं असतं आणि घरातली बाई मूठभर कणी अंगणात भिरकावते. ती कोंबड्या मोजत नाही. कोण आलं नाही हे तिला कणी टाकता टाकताच कळतं.

एखाद्या सकाळी एक कोंबडी मागे राहते. खुराड्याच्या तोंडाशी येऊन थबकते. पिसं फुलवलेली, शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले. कालपर्यंत लालभडक असलेला तुरा फिकट पडून एका बाजूला कललेला. समोर कणी पडलेली असूनही चोच खाली जात नाही. दोन पावलं टाकते तर पाय फाकतात, अंगाचा भार मागे जातो. बाई जवळ गेली तरी ती पळत नाही, आणि तिथेच बाईच्या काळजात धस्स होतं. गावठी कोंबडी सुखासुखी कुणाच्या हाती लागत नाही. पाव्हणा आला की तिला धरायला घरातली सगळी पोरं अंगणभर धावतात. न पळता हातात आलेली कोंबडी बरी नसते.

मग बाई तिला काखेत घेते आणि उलटा तळवा तिच्या पोटाखाली घालते. छातीचं हाड हाताला टोचतं, म्हणजे मांस झडलंय. पण त्याच्या खाली, दोन पायांच्या मध्ये, पोट मात्र भरगच्च. ऊन लागणारं, ताणलेलं. बोटांनी हळूच दाबलं तर कधी आत अंड्याचा कडक गोल लागतो, कधी काहीच कडक लागत नाही, नुसतं पाणी हलल्यासारखं होतं. मागची पिसं चिकटलेली असतात, त्यांना आंबूस वास येतो. शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, ‘‘काय झालं गं हिला?’’ आणि बाई म्हणते, ‘‘अंडं अडलंय वाटतं.’’ वाटतं म्हणते, पण तिच्या हाताला ते कळून चुकलेलं असतं.

कोंबड्यांच्या मरणाची या भागाला सवय आहे. घार पिल्लू उचलते, मुंगूस रात्री खुराड्यात शिरतं, महामार्गाच्या कडेच्या घरांतल्या कोंबड्या गाड्यांखाली जातात. मानमोडी येते तेव्हा तर आठवड्यात आळी रिकामी होते. मान पिळवटलेल्या, गोल गोल फिरणाऱ्या कोंबड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. कुमाऊंतल्या राणीखेत गावावरून ज्या आजाराला नाव पडलं, तो हाच. त्याची लस आहे, डोळ्यात नाहीतर नाकात थेंब टाकायचा. पण कुपी असते शंभर-दोनशे कोंबड्यांची, एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि घरात कोंबड्या असतात सात. दहा घरं एकत्र आली तरच ती कुपी कामाला येते, आणि भाताच्या लावणीत दहा घरं एकत्र येणं सोपं नसतं.

तरीही मानमोडीला नाव आहे, लस आहे, सरकारी दप्तरात रकाना आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत सुमारे १०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे २५,००० पक्षी मारण्याचा हुकूम निघाला. अंगभर पांढरे कपडे घातलेली पथकं आली, बातम्या आल्या. त्याआधी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने देशातला पहिला बर्ड फ्लू सोसला होता. अशा मरणांची नोंद होते, भरपाईच्या याद्या होतात. अंड्यापायी मेलेल्या एकट्या कोंबडीची नोंद कुणी करत नाही. ती संसर्गाने गेलेली नसते, शेजाऱ्यांना तिची भीती नसते. ती गेली हे त्या एका घराला माहीत असतं, आणि त्या घरातही खरं म्हणजे एकाच माणसाला.

अंडं तयार होतं कसं, हे पाड्यावरच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. कोंबडी कापल्यावर साफ करण्याचं काम बऱ्याच घरांत त्यांच्याकडेच असतं. घालती कोंबडी कापली की आत पाठीच्या कण्याला लगटून पिवळ्या बलकांचा घोस दिसतो: एक पुऱ्या वाढीचा, उद्या निघणारा; त्यामागे त्याहून लहान, परवाचा; मग आणखी लहान, आणि शेवटी मोहरीच्या दाण्याएवढे असंख्य, कधीच न येणाऱ्या दिवसांचे. पोरं त्या बलकांसाठी चुलीभोवती बसून राहतात. हा घोस डाव्या अंगालाच असतो. पिल्लू अंड्यात असताना उजवीकडचा अंडाशय आकसून जातो आणि जन्मभर कोंबडीचं सगळं काम एकाच बाजूवर चालतं. एक अंडाशय, एक नळी. ती बिघडली तर दुसरी नाही.

ती नळी दोन फुटांच्या आसपास भरते. पिकलेला बलक अंडाशयातून सुटला की नळीच्या तोंडाशी असलेली पातळ झालर त्याला झेलते. तिथे तो पाव तास थांबतो. पुढच्या तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरं जमतं, मग तासा-सव्वा तासात पातळ पडदे, आणि मग कवचाच्या पिशवीत तो जवळजवळ वीस तास पडून राहतो. एका अंड्यामागे पुरा एक दिवस आणि वर थोडा वेळ जातो, म्हणूनच कोंबडीची अंडं घालायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि संध्याकाळ जवळ आली की ती एक दिवस नागा घेते. कवचाचं काम बरंचसं रात्री चालतं. सगळं घर झोपलेलं असतं, खुराड्यात अंधार असतो, आणि तिच्या पोटात चुन्याचा एकेक थर चढत असतो.

बाजारातल्या एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. रात्री चारा नसतो, मग ते येणार कुठून? घालायला लागण्याआधी कोंबडीच्या पायांच्या लांब हाडांत, आतल्या पोकळीत, खास या कामासाठी वेगळं भुसभुशीत हाड साठतं. तिथून कॅल्शियम काढलं जातं आणि दिवसा खाऊन परत भरलं जातं. खाण्यात चुना कमी पडला तर भरती होत नाही, उचल मात्र चालूच राहते. अनुभवी बायका अंड्याची टरफलं भाजून, कुटून कण्यांत मिसळतात ते म्हणूनच. कॅल्शियम नुसतं कवचाला लागत नाही, अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूलाही लागतं. ते संपलं की कवच मऊ होतं आणि नळीत जोर राहत नाही. अंडं वाटेत थांबतं. कोंबडी कळा देते, शेपटी वरखाली हलवते, पुन्हा पुन्हा टोपलीत जाऊन बसते आणि रिकामी उठते.

वैशाखात हे जास्त होतं. दिवस लांब, उजेड भरपूर, आणि उजेडाच्या तासांवरच कोंबडीचं घालणं ठरतं. पण याच दिवसांत पारा चाळिशीला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांनी रक्ताची घडण अशी काही बदलते की कवचासाठी लागणारा माल कमी पडतो आणि अंडी पातळ सालीची निघतात. तहान तर विचारूच नये. तानसा, भातसा, मोडकसागर हे सगळे जलाशय याच तालुक्यातले. तानसाचं धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतं आहे. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. ज्या घरी माणसांचं पाणी मोजून भरतात, तिथे कोंबड्यांच्या करवंटीत दिवसातून तीनदा पाणी बदलणं ही चैन ठरते. तरीही बायका ते करतात. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी असं साठवून ठेवलेलं असतं.

अडलेल्या अंड्यावर उपाय ठरलेला आहे. कोमट पाण्यात मीठ टाकून कोंबडीला त्यात पोटापर्यंत बसवायचं, बोटाला खोबरेल लावून मागची वाट ओली करायची, आणि मग अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकून ठेवायचं. शहरातले पशुवैद्यही सुरुवातीला हेच सांगतात. त्यांच्याकडे पुढे कॅल्शियमचं इंजेक्शन असतं, इतकंच. कधी गुण येतो. तासाभराने डालग्याखाली ओलसर, खरबरीत अंडं पडलेलं मिळतं आणि कोंबडी धडपडत उठून पाणी मागते. कधी अंडं निघतं पण जोर इतका झालेला असतो की अंग बाहेर येतं. लाल, ओलं मांस मागे लोंबताना दिसलं की बाकीच्या कोंबड्या, काल रात्री तिला चिकटून झोपलेल्या, तिच्यावर तुटून पडतात. लाल दिसेल तिथे चोच मारायची हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे सगळ्यात आधी तिला वेगळं काढावं लागतं. मग धुणं, साखर लावून सूज उतरवणं, हाताने आत सारणं. पुन्हा बाहेर येतंच बहुतेक वेळा.

तिसरी गत सगळ्यात वाईट, कारण ती बाहेरून दिसत नाही. बलक सुटतो पण झालर त्याला झेलत नाही, तो पोटात पडतो. एकदा पडला तर अंग त्याला जिरवून टाकतं. पण नळीला सूज असेल, आतून जंतू चढलेले असतील, तर दर एक-दोन दिवसांनी पडणारे बलक तिथे नासतात. पोटात पाणी धरतं. कोंबडी टोपलीत जाऊन बसते, अंडं घातल्याचं ओरडतेही, आणि टोपलीत काही नसतं. घरातले म्हणतात, बाहेर झुडपात घालत असेल. पोरं कुंपणाच्या करवंदीत, पेंढ्याच्या उडवीखाली अंडी शोधत फिरतात. अंडी तिच्या पोटातच साठत असतात.

कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी दुबळी दिसेल ती मागे रेटली जाते, म्हणून शेवटपर्यंत ती दाणे टिपण्याचं सोंग करते. चोच खाली नेते, उचलत काही नाही. त्यामुळे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि ज्या नजरेला ते आधी दिसतं ती नजर बाईची असते.

या नजरेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, अंग बाहेर येणं, हे कुणाला सांगायचं, कुठल्या तोंडाने सांगायचं? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वेगळं काही असेल असं मानायला कारण नाही. स्वतःचं दुखणं वर्षानुवर्षं पदराखाली ठेवणारी बाई कोंबडीच्या पोटावर हात ठेवते आणि तिला काय होतंय हे क्षणात ओळखते. कोंबडीपाशी लाज आड येत नाही. तिच्यासाठी पाणी तापवता येतं, तेल लावता येतं, तिला अंधारात निवांत पडू देता येतं. पाड्यावरची कितीतरी बाळंतपणं सुईणीच्या हातांनी झाली. तेच शहाणपण कोंबडीच्या वाट्याला येतं आणि ते कमी प्रतीचं नाही.

बाई आणि कोंबडी यांचा धागा प्रयोगशाळेतही जोडला गेला आहे. इजिप्तच्या असिउतमधले डॉ. महमूद फतल्ला यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच एक शंका मांडली: अंडाशयातून दर महिन्याला बीज सुटताना तिथे जी जखम होते आणि भरते, त्या अखंड चक्राचा अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंध असेल का? गरोदरपण आणि अंगावर पाजणं या काळात ते चक्र थांबतं, अंडाशयाला विसावा मिळतो. पुढे संशोधकांचं लक्ष कोंबडीकडे गेलं, कारण अंडाशयाचा कर्करोग आपसूक आणि वारंवार होणारा ओळखीचा प्राणी म्हणजे घालती कोंबडी. दोन-अडीच वर्षांच्या पुढे तर बराच. अमेरिकेत इलिनॉयमध्ये म्हाताऱ्या कोंबड्यांना वर्षभर जवस खाऊ घालून पाहिलं, तेव्हा ज्यांना कर्करोग झाला त्यांच्यात तो कमी तीव्र निघाला. जवसाची चटणी खाणाऱ्या मुलखाला या बातमीचं अप्रूप वाटावं.

मोठ्या पोल्ट्रीतली कोंबडी या वयाला पोचतच नाही. दीड वर्षाच्या आसपास अंडी उतरली की तिला काढून टाकतात. परसातली कोंबडी तीन वर्षं जगते, चार वर्षं जगते, क्वचित त्याहून जास्त. तिला जगू दिलं जातं म्हणून हा आजार परसात दिसतो. घरच्यांनी तिला सांभाळलं, तिचं म्हातारपण होऊ दिलं, आणि त्यातून हे वाट्याला आलं. इथे कुणाला दोष देता येत नाही आणि म्हणून हे मरण जास्त टोचतं.

तरीही दोषाचा काही भाग फार मागे जातो. कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, आग्नेय आशियाच्या जंगलांतला. त्याची मादी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, तीही उबवण्यासाठी. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याचंही रक्त पाळीव कोंबडीत आहे. तिच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. त्या दहा-पंधरावरून माणसाने तिला तीनशेवर नेलं. महाराष्ट्राचा या प्रवासात मोठा वाटा आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ मध्ये पुण्यातून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, आणि अंडं हे रोजचं, स्वस्त, आजारी माणसाला आणि शाळकरी पोराला परवडणारं अन्न झालं. याचा उपकार मानायलाच हवा. कुपोषणाची छाया असलेल्या या तालुक्यांत अंड्याचं मोल पुस्तकातून समजावून घ्यावं लागत नाही.

पण एक गोष्ट त्यात गेली. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंग गरम होतं, पिसं उभी राहतात, हात नेला की चोचीने टोकते. मग एकवीस दिवस अंड्यांवर, त्यानंतर दोन-तीन महिने पिल्लांमागे. त्या सगळ्या काळात अंडाशय मिटतो, नळी आकसते, हाडं पुन्हा भरतात. हा तिचा विसावा. जास्त अंडी देणाऱ्या जातींतून माणसाने खुडूक होणंच काढून टाकलं, कारण खुडूक कोंबडी म्हणजे बुडालेला धंदा. सरकारी योजनांतून पाड्यांवर आलेल्या ऱ्होड आयलंड रेड, गिरिराज, वनराज या जाती गावठीपेक्षा पुष्कळ जास्त घालतात, पण खुडूक बसायचं बहुतेक विसरल्या आहेत. पाड्यावरही खुडूक मोडण्याचे उपाय आहेतच: कोंबडीला पाण्यात बुचकळणं, नाकपुडीतून पीस आरपार घालणं, पाय बांधून टांगून ठेवणं. ते बघवत नाही. त्यात क्रूरपणा असतो असं म्हणण्यापेक्षा अडचण असते असं म्हणावं. शाळा उघडायला आली की वह्यांचे पैसे अंड्यांतूनच निघायचे असतात.

हे पैसे बाईचे असतात. भाताचे पैसे सोसायटीत जातात, दूध असेल तर ते डेअरीच्या वहीत जातं, मजुरीचे पैसे नवऱ्याच्या खिशात. डब्यात, तांदळात खोचून ठेवलेली अंडी मात्र तिची. पाव्हण्याला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्या पोराला त्यातली जातात, उरलेली दुकानात नाहीतर लोकलने कल्याणच्या बाजारात. लेक सासरी निघाली की एखादी तलंग तिच्या पिशवीत डोकं बाहेर काढून जाते. कोंबड्याचा मान वेगळा आहे. त्याला देवापुढे जायचं असतं, वाघबारशीला वाघोबापुढे, जत्रेत गावदेवीपुढे. त्याच्या मरणाला गाव जमतो. कोंबडीचं सगळं घरापुरतं.

मग अशा कोंबडीसाठी दवाखाना का नाही? आहे. १९६२ नंबर फिरवला तर फिरतं पशुचिकित्सा पथक येतं, तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथले डॉक्टर गाईचं अडलेलं वासरू मध्यरात्री येऊन सोडवतात. पण तीन-चारशे रुपयांच्या कोंबडीसाठी फोन करायचा म्हणजे लोक काय म्हणतील, हा विचार आधी येतो. परळला सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८०च्या दशकात उभं राहिलेलं बाई साकरबाई रुग्णालय आहे. तिथे पक्ष्यांवर उपचार होतात. कसारा लोकलने दादर गाठायचं आणि पुढे परळ, पिशवीत कोंबडी घेऊन. गर्दीच्या वेळी अडीच तास. निरोगी कोंबडीही त्यात जीव सोडेल.

ब्रिटनमध्ये जेन हॉवर्थ यांनी २००५ मध्ये स्थापन केलेली संस्था पिंजऱ्यातून काढलेल्या कोंबड्या लोकांच्या घरी देते. त्या देशात अशा कोंबडीच्या कातडीखाली औषधाची बारीक कांडी बसवून काही महिने अंडी थांबवतात, नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही करतात. कोंबडीने अंडं देऊ नये म्हणून पैसे मोजणारी माणसं जगात आहेत हे पाड्यावर सांगितलं, तर बायका हसतील, आणि हसून झाल्यावर त्यांच्यातली एखादी विचारेल, ‘‘मग ती बरी होते का?’’ होते, काही काळ. कांडीचा असर उतरला की पुन्हा तेच. तोवरचे ते महिने मात्र तिला सुखाचे जातात.

इथे निर्णय वेगळा असतो. पोटात पाणी झालेली कोंबडी तीन-चार दिवस तग धरते. पहिल्या दिवशी घरातला पुरुष म्हणतो, कापून टाकू, मरायच्या आत. बाई म्हणते, थांबा उद्यापर्यंत. यात भोळी माया कमी आणि हिशेब जास्त, असं वरवर वाटेल. उद्या बरी झाली तर अंडी आहेत, पिल्लं आहेत. पण दुसऱ्या दिवशीही ती थांबा म्हणते. ती कोंबडी तिच्या हातातली असते, आईकडून आणलेल्या कोंबडीच्या पिल्लाचं पिल्लू, गेल्या पावसाळ्यात मुंगसाच्या तोंडून सोडवलेली, मानेवर त्या जखमेचं टक्कल अजून असलेली. अशा कोंबडीचा रस्सा तिच्या घशाखाली उतरत नाही. आणि कापली तरी बहुतेक वेळा टाकावीच लागते. पोट उघडल्याबरोबर पिवळं गढूळ पाणी येतं. आतडी एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यामध्ये उकडल्यासारखे घट्ट झालेले बलकाचे गोळे, एकावर एक साल चढलेले. बाई तो गोळा विळ्यावर उभा चिरून बघते. थर दिसतात. किती दिवसांपासून हे साठत होतं ते तिला त्या थरांवरून कळतं, आणि त्या दिवसांत आपण हिला झुडपात घालते म्हणून बोल लावत होतो हेही आठवतं.

पोरांना परसात खड्डा करायला सांगतात, खोल, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. हात राखेने घासून धुतात. त्या दिवशी खुराड्यातल्या जागा बदलतात. कोंबड्यांत कोण कुणाच्या आधी टिपणार याची उतरंड असते, वरची एक गेली की दोन-तीन दिवस चोचाचोची चालते आणि मग नवा क्रम लागतो. तिच्यामागे राहिलेली अंडी असतील तर दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सारतात. ती कुणाची आहेत हे कोंबडी विचारत नाही, बदकाचीही उबवते.

आठवडी बाजारात कोपऱ्यात कोंबड्यांवाले बसतात. पाय बांधलेल्या तलंगा पाटीत, जाळीच्या डालात पिल्लं. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेला बैल घेणारे त्याचे दात बघतात. कोंबडी घेणारी बाई तिला उलटी धरून मागे दोन हाडांच्या मध्ये बोटं ठेवते. एक बोट मावलं तर अजून लहान आहे, दोन मावली तर घालायला आली, तीन मावली तर घालते आहे. पोटावर तळवा फिरवते. मऊ असेल तर ठीक. पिसं फुंकून उवा बघते, डोळे बघते, पायांचा रंग बघते, कारण खूप घालून झालेल्या कोंबडीचे पिवळे पाय पांढरट पडतात.

‘‘मावशी, ही घ्या,’’ विक्रेता तांबड्या रंगाची टपोरी तलंग पुढे करतो. ‘‘एकदम जातिवंत. रोज अंडं. खुडूक व्हायची भानगडच नाही.’’

बाई ती हातात तोलून परत पाटीत ठेवते आणि शेजारच्या डालाकडे वळते. तिथे एक म्हातारा चार गावठी तलंगा घेऊन बसलेला असतो, बारीक, काळ्या-करड्या ठिपक्यांच्या.

‘‘हिची आई खुडूक बसायची का, बाबा?’’

‘‘बसायची की. उठवता उठायची नाय.’’

‘‘कितीला?’’